पुढील दोन चाकांची फितुरी आणि उंबरखोरीची मोहीम

राजकन्या समताबाई, मुक्काम नागपूर, यांचे हुजुरी सेवक प्रेमानंद, राहणार धामणगाव बढे, आपल्या तीर्थरूपांचे घराच्या भिंतीला भिंत लावून असणारा शेजारी, कृतानेक जयभीम करून विनंती करतो ऐसीजे. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सरी, पोळा मागे पडल्यावर दुसऱ्या सोमवारी आपला फोन आला की घरी नेमके काय घडले; आईसाहेबांस पुसावे तर त्या हसतात, आणि तीर्थरूपांस पुसावे तर ते मोहीम फत्ते झाली एवढे बोलून पुन्हा पहिल्यापासून सांगो लागतात आणि तोवर आपली ऑफिसची वेळ होते; तरी साद्यंत हकीकत लिहून धाडावी. आज्ञा शिरसावंद्य मानून ही बखर लिहिली. जे डोळ्यांनी पाहिले ते पाहिले तैसे लिहिले, आणि जे पाहिले नाही ते तर अधिकच खात्रीने लिहिले. माणसे जेथे बोलली तेथे त्यांचे शब्द होते तैसेच ठेविले, कारण वऱ्हाडी बोलणे दरबारी करू गेले असता त्यातील तिखट निघून जाते.

तर प्रथम जीपचे वर्णन. आपले तीर्थरूप राजेश्री इंद्रभानजी, निवृत्त लाइनमन, यांनी अकरा वर्षांमागे सरकारी लिलावातून ही जीप हस्तगत केली. तेव्हाच तिचे वय वीस उलटले होते. रंग दुधी, छत ताडपत्रीचे, हॉर्न एकदा वाजू लागला म्हणजे आपल्या मर्जीने थांबणारा, आणि मागील फळीवर हातभर अक्षरांत 'फोर बाय फोर' ऐसे बिरुद. गिअरच्या दांड्याशेजारी दुसरा एक आखूड दांडा. तो ओढिला असता इंजिनाचे बळ मागील दोन चाकांस मिळते तैसेच पुढील दोन चाकांसही मिळावे, ऐसा कारखान्याचा करार. या दांड्याची राजेश्रींस मोठी घमेंड. पाहुणा आला की चहाआधी दांडा दाखवावा, आणि मग कोणत्या साली कोणत्या चिखलातून कैसे निघालो ते सांगावे, आणि पाहुण्याने उठू पाहिले की दुसरे साल काढावे. सेवकाने हे सर्व सालवार ऐकिले असून ते झोपेतही म्हणून दाखवू शकतो.

परंतु गेल्या साली आषाढात मोठी शिकस्त जाहली. आपल्या आईसाहेब, म्हणजे सिंधूताई बाईसाहेब, यांचे माहेर मौजे उंबरखोरी, डोंगराच्या कुशीत, आणि वाटेत खोरीचा नाला. भावाच्या नव्या घराच्या गृहप्रवेशास जाताना जीप त्या नाल्यात रुतली. राजेश्रींनी दांडा ओढिला, आरोळी मारिली, पाय दाबून इंजिन गर्जविले, आणि जीप जागच्या जागी खाली बसत चालली. मागून सरदार हिंमतराव ट्रॅक्टरवाले आपल्या लाल ट्रॅक्टरावर बसून आले, साखळदंड लाविला, आणि सासरच्या साऱ्या गोतावळ्यासमोर जीपेस शेपटाकडून ओढून बाहेर काढिले. बाईसाहेब नवी जरीकाठी नेसून, डोईवर पुरणाचे पातेले घेऊन, घोटाभर चिखलातून चालत माहेरी पोचल्या. घरी परतल्यावर फर्मान सुटले, ते ऐसे, "तुमच्या या जीपीत मी पुन्हा पाय ठेवनार नाही. चिखलात उतराचंच हाये तं पायीच काऊन नाही जावं?" त्या दिवसापासून बाईसाहेब माहेरी एस.टी.ने फाट्यापर्यंत आणि तेथून हिंमतरावाच्या ट्रॉलीत बसून जाऊ लागल्या. जीपचे पुढील आसन वर्षभर रिकामे राहिले, त्यावर राजेश्री भाजीची पिशवी ठेवीत, आणि वळणावर पिशवी कलंडली म्हणजे सवयीने हात आडवा धरीत.

आणि मग पोळ्यानंतर वर्तमान आले की भावाच्या नातवाचे बारसे रविवारी नेमिले. राजेश्री तीन दिवस घरात येरझारा घालीत राहिले आणि अखेर बुधवारी भाकरीच्या ताटावर अर्जी गुजरली की यंदा जीपने जावे. बाईसाहेबांनी दुसरी भाकरी तव्यावर टाकून, ती फुगेपर्यंत विचार करून, करार सांगितला. शनिवारी सांजेपर्यंत गाडी घरासमोरील तळ्याकाठच्या गाळातून, कोणी न ढकलता, कोणी न ओढता, पार निघाली तर रविवारी पुढे बसून येईन. न निघाली तर ट्रॉली सांगून ठेविली आहेच. शिवाय ट्रॉलीत गाद्या टाकिल्या असून गाणारी मंडळी आहे, ऐसेही ऐकविले. राजेश्रींनी करार तत्काळ मान्य केला, कारण चिखल एक वेळ जिंकता येतो, परंतु हिंमतरावाच्या ट्रॉलीतून आपली बायको गाणी म्हणत माहेरी जाते आणि आपण मागून रिकामी जीप हाकीत जातो, हा देखावा कोणत्या नवऱ्याने सोसावा.

तेव्हा मसलत करून उस्ताद अब्दुल गनी मिस्तरी यांस पाचारण केले. उस्तादांचे गॅरेज मोताळा रस्त्यावर. दाढी पांढरी, चष्मा दोऱ्याने बांधिलेला, हातात सदैव एक पाना, जेवतानाही बाजूस ठेवितात. या जीपची सेवा चाकरी प्रथम दिवसापासून त्यांचेकडे, आणि राजेश्रींशी दोस्ती त्याहून जुनी. शुक्रवारी नमाज आटोपून दुपारी उस्ताद राजेश्रींचे अंगणात दाखल जाहले, जीपला एक प्रदक्षिणा घातली, टायरला लाथ मारिली, आणि पुसिले, "काय दुखते इचं?" राजेश्रींनी सांगितले की दांडा ओढितो, खट्ट ऐसा आवाज येतो, पण पुढची चाके ओढीत नाहीत. उस्ताद म्हणाले, "हाव, पाहू," आणि पोते अंथरून जीपखाली शिरले. राजेश्रीही मागोमाग शिरले. दोघांचे मिळून चार पाय तेवढे दरबारास दिसत राहिले.

प्रथम मोर्चा दांड्यावर. उस्तादांचा वहीम की दांडा वरून ओढिला तरी खाली पेटीतला गिअर जागचा हालत नसावा. पेटी उघडिली, ग्रीस काढिले, दांड्याची झिजलेली पिन बदलिली, आणि राजेश्रींनी बसून दांडा ओढिला तो गिअर बरोबर बसला. मोठा जल्लोष जाहला. सेवकाने भिंतीवरून चिवडा पुढे केला. जीप तळ्याकाठी नेऊन गाळात घातली, आणि मागील चाकांनी चिखल सेवकाच्या सदऱ्यावर उडविला, पुढील दोन चाके मात्र पंक्तीत बसल्या जावयासारखी स्वस्थ बसून राहिली. चार म्हशींच्या मदतीने जीप बाहेर निघाली. बाईसाहेबांनी ओट्यावरून हे पाहिले आणि शेंगा निवडीत राहिल्या.

दुसरा मोर्चा शाफ्टावर. पेटीपासून पुढल्या आसापर्यंत एक लांब शाफ्ट जातो आणि त्याचे सांध्यात एक लोखंडी क्रॉस असतो. तो हलविला तो खुळखुळला. उस्ताद बोलले की फितूर सापडला. मग शनिवारी पहाटे राजेश्री खासे पहिल्या एस.टी.ने मलकापुरास कूच करून गेले, तीन दुकाने पालथी घातली, पहिल्या दुकानी म्हणाले हे मॉडेल बंद जाहले, दुसऱ्या दुकानी म्हणाले मालकच बंद जाहले, तिसऱ्या दुकानी एका म्हाताऱ्याने माळ्यावरून धूळ झटकून क्रॉस काढून दिला, आणि राजेश्री तो उपरण्यात गुंडाळून, मांडीवर घेऊन, दोन प्रहरी परत आले. क्रॉस बसविला. शाफ्ट निमूट फिरू लागला, खुळखुळ गेली. पुन्हा तळ्याकाठी मोहीम, पुन्हा मागील चाकांची धुळवड, आणि पुढील चाके पूर्ववत स्वस्थ. म्हशींनी या वेळी आपण होऊनच जीपकडे तोंड केले.

आता दिवस कलता जाहला आणि राजेश्रींचा धीर सुटत चालला. तिसरा मोर्चा पुढल्या आसाच्या पोटावर. तेथे क्राऊन आणि पिनियन नामक दोन दातेरी चक्रे राहतात, आणि त्यांचे दात पडले तर सर्व राज्य बुडते. उस्तादांनी तेल काढिले, झाकण उघडिले, बोट घालून एकेक दात मोजिला, आणि सारे शाबूत निघाले. राजेश्री पोत्यावर पडल्या पडल्या म्हणाले की, गनीभाई, आता ट्रॉलीच खरी. हे बोलताना तयांचा आवाज ऐसा काही आला की सेवकाने चिवड्याचा डबा बंद केला. दोस्ताची बायको दुसऱ्याच्या ट्रॉलीत जाणार, ही गोष्ट उस्तादांसही लागली. ते पाना हाती घेऊन बोलले, "भाऊ, थांबा जरासे. जॅक लावू. चारी चाकं उचलू. कोन फिरते अन् कोन नाही फिरत, डोयानं पाहू."

चारही चाके जॅकवर आणि विटांवर अधांतरी जाहली. राजेश्रींनी दांडा ओढून गिअर टाकिला. उस्ताद खालून ओरडत गेले, दांडा लागला, शाफ्ट फिरला, क्राऊन फिरला, आतला आस फिरला. मागील चाके फिरली, आणि पुढले चाक मात्र एक बोटभरही हालले नाही. तेव्हा उस्ताद खालून बाहेर आले, चष्मा पुसला, आणि चाकासमोर उकिडवे बसून विचार मांडिला. बळ आसाच्या टोकापर्यंत येते, चाकात जात नाही, तर फितूर या दोहोंच्या मधोमधच दडला असला पाहिजे. आणि आस व चाक यांचे मधोमध होती काय, तर एक निळीभोर, गुळगुळीत, चकाकणारी लोखंडी टोपी.

उस्तादांनी पुसिले, "भाऊ, या टोपीत काय हाये?" राजेश्री म्हणाले, "टोपीत काय राहीन? टोपी हाये."

येथे निळ्या रंगाची हकीकत सांगणे अगत्य. दर साली विजयादशमीच्या आधी, धम्मचक्र प्रवर्तन दिनास नागपुरास निघण्याचे आदल्या दिवशी, राजेश्री जीप धुतात, झेंडा बांधितात, आणि चारही चाकांच्या मधल्या टोप्यांस निळा ऑइल पेंट देतात. हा नेम अकरा वर्षे चुकला नाही. आधीचा रंग खरडणे मनास येईना, म्हणोन त्यावरच नवा देतात. उस्ताद जीपच्या सेवेस दर सहा मासांनी येत, परंतु त्यांनी त्या टोप्यांस पाना कधी लाविला नाही. कारण पुसता बोलले, "तुमच्या सनाचा रंग हाये भाऊ. म्या तो काऊन खरडावा?" दोस्ताच्या श्रद्धेवर ओरखडा नको म्हणोन अकरा वर्षे उस्तादांनी त्या टोपीचा अदब राखिला, आणि त्या अदबाखाली सारे बळ कोंडून पडले. अदबाने कोणाचे नुकसान होईल ऐसे कोणास वाटले असते.

राजेश्रींनी मान हलवून परवानगी दिली. उस्तादांनी फडके थिनरात भिजविले आणि हलक्या हाताने घासू लागले. एक थर निघाला, दोन निघाले, आणि राजेश्री मोजीत गेले, हे साल समताच्या नोकरीचे, हे तिच्या दहावीचे. अकराव्या थराखाली पितळी चकती उघडी पडली. तिच्यावर एक बाण, आणि दोन इंग्रजी शब्द, एक 'फ्री' आणि एक 'लॉक'. बाण फ्रीवर. पलीकडील टोपी घासली, तेथेही बाण फ्रीवर. कारखान्याचा करार ऐसा होता की हाताने ही चकती लॉककडे फिरविल्यावाचून आस आणि चाक एकमेकांस धरीत नाहीत, मग वर बसून दांडा हजार वेळा ओढा.

राजेश्री मनात सन मोजीत होते. घाटातील चिखल, पुराचे साल, शेगावच्या वाटेवरील दलदल, हे सर्व संग्राम, जे पाहुण्यांस चहाआधी ऐकविले, ते सारे दोनच चाकांनी लढले गेले होते, आणि दांडा ओढून आले ते निव्वळ खट्ट. मागील फळीवरील बिरुद अकरा वर्षे खोटे. ओट्यावरून बाईसाहेबांचा आवाज आला, "मी तं पह्यलेपासून सांगून राह्यली, पुढचे चाकं फुकट भाकरी खातात." राजेश्रींनी मान खाली घातली. तेव्हा उस्ताद पुढे होऊन, खांद्यास हात लावून बोलले, "भाऊ, दोन चाकावर एवढ्या गाळातून निंघाले तुमी. चारावर तं कोनीबी निंघते." हे ऐकताच राजेश्रींचा चेहरा पालटला, आणि सेवकास दिसले की पाहुण्यांसाठी नवी कथा त्याच घटकेस सिद्ध जाहली.

चकत्या गंजल्या होत्या त्या तेल घालून मोकळ्या केल्या, लॉककडे फिरविल्या, आणि दिवस मावळण्याआधी जीप गाळात घातली. राजेश्रींनी दांडा ओढिला. पुढील दोन चाकांनी प्रथम एक हिसका दिला, आणि मग चिखलास पंजे रोविले, आणि जीप हळू हळू, कोणी न ढकलता, पलीकडील काठी जाऊन उभी राहिली. राजेश्री उतरले ते काठावर नाचले. कंबर धरिली तरी नाचले. म्हशी पाहत राहिल्या. उस्तादांनी चकत्या पुन्हा फ्रीवर आणिल्या आणि ताकीद दिली की डांबरी रस्त्यावर ऐशाच मोकळ्या राहू द्याव्या, आणि चिखलाच्या तोंडाशी उतरून, हाताने, दोन्ही बाजूंच्या फिरवाव्या. मग स्वतः ब्रश मागून टोप्यांस निळा रंग दिला, बाण आणि अक्षरे तेवढी सांभाळून सोडिली. बाईसाहेबांनी ओट्यावरून फर्माविले, "सकायी आठले तयार राहा."

रविवारी प्रातःकाळी स्वारी निघाली. अग्रभागी जीप, तीत राजेश्री कमरेस पट्टा बांधून, पुढील आसनी बाईसाहेब मोरपंखी साडी नेसून, आणि मागे सेवक, मांडीवर बाळंतविडा घेऊन. पिछाडीस सरदार हिंमतरावाचा ट्रॅक्टर, ट्रॉलीत गाद्यांवर गाणारी मंडळी. राजेश्री वाटभर बोलत राहिले. फाट्यास डांबर संपले तरी बोलत होते, उतार लागला तरी बोलत होते, आणि खोरीचा नाला समोर येताच मोठ्या रुबाबाने दांडा ओढून, खट्ट ऐसा आवाज करवून, जीप पाण्यात घातली. मध्यावर जाताच ती थांबली. मागील चाके गरगर फिरली, चिखल उडाला, आणि पुढील चाके स्वस्थ. चकत्या फिरवावयाच्या राहिल्या होत्या.

ट्रॉलीतले गाणे थांबले. मागून हिंमतरावाचा आवाज आला, "भाऊ, साखळी काढू काय?" राजेश्रींनी दार उघडिले, एक पाय बाहेर काढिला, आणि दोन दिवस जीपखाली आखडलेली कंबर तेथेच अडकली. पुढे होईना, मागे होईना. तयांनी बाईसाहेबांकडे पाहिले नाही. पाहण्याची छाती जाहली नाही. सेवक उतरू गेला, तो बाळंतविडा पाण्यात जाईल म्हणोन बाईसाहेबांनी डोळ्यांनी दटाविले, आणि सेवक बसून राहिला.

मग बाईसाहेबांनी पदर खोचला, निऱ्या वर घेतल्या, चपला काढून आसनाखाली ठेविल्या, आणि खाली उतरल्या. नाल्याचे पाणी पोटऱ्यांपर्यंत आले. डाव्या चाकाशी वाकून हात पाण्यात घातला, चकती चाचपिली, बाण लॉकवर आणिला. मग बोनेट धरीत धरीत पुढून वळसा घालून उजव्या चाकाशी गेल्या, तीही फिरविली. दार धरून अडकलेल्या राजेश्रींस खांद्याने रेटून परत आसनी बसविले, तो तयांनी आई ऐसा उद्गार काढिला. मग आपण येऊन आपल्या जागी बसल्या, ओले हात पदरास पुसले, आणि बोलल्या, "ओढा आता."

जीपने एक हिसका दिला आणि चारही चाकांनी जमीन धरिली. पाणी दुभंगले, चिखल मागे राहिला, आणि जीप नाला चढून, चढावरून, न थांबता, मौजे उंबरखोरीच्या पारापर्यंत गेली. ट्रॉलीत एकच कल्लोळ उठला आणि गाणे पहिल्यापेक्षा वरच्या पट्टीत सुरू जाहले. हिंमतरावाचा ट्रॅक्टरही मागोमाग नाला सहज पार करून आला. हे लिहिणे सेवकाच्या जिवावर आले, परंतु बखर खोटी लिहू नये. हिंमतरावाने पारापाशी उतरून जीपला प्रदक्षिणा घातली, टोपीवरील बाण बोटाने चाचपिला, आणि राजेश्रींस म्हणाला, "भाऊ, वहिनीले सोबत घेऊनच फिरत जा."

बारशाच्या घरी दारातच भावजयीने पाहिले की मोरपंखी साडी गुडघ्यापर्यंत चिखलाने माखली आहे. ती कपाळास हात लावून म्हणाली, "ताई, यंदाबी उतरावं लागलं काय वो तुमाले?" सारे घर ऐकत होते. राजेश्री कंबर धरून उंबऱ्यात उभे होते. बाईसाहेबांनी पाय धुतले, पाळण्यापाशी गेल्या, नातवाच्या गालास बोट लाविले, आणि मग सावकाश उत्तर दिले, "गेल्या साली उतरावं लागलं होतं. यंदा मी माह्या मनानं उतरली." राजेश्रींनी हे ऐकिले आणि उंबऱ्यातच मटकन बसले. लोक म्हणाले कमरेमुळे बसले. सेवक जवळ होता, सेवकास ठाऊक आहे.

दोन प्रहरी भोजने जाहली. वरण, भात, वांग्याची भाजी, पुऱ्या आणि बुंदी. सेवकास बुंदी दोनदा मिळाली, म्हणोन या कलमात पक्षपात नाही. राजेश्रींनी पाहुण्यांस दोन चाकांवर जिंकलेल्या अकरा वर्षांची नवी कथा सांगितली, आणि बाईसाहेबांनी ती मध्ये न बोलता पुरी ऐकिली, ही गोष्ट लग्नापासून प्रथमच घडली.

परतीस सूर्य डोंगराआड जाण्याआधी स्वारी पुन्हा नाल्यापाशी आली. राजेश्रींनी चिखलाच्या तोंडाशी जीप उभी केली आणि दांड्यास हात लाविला नाही. बाईसाहेब चपला काढू लागल्या. राजेश्री म्हणाले, "थांब, मी येतो उतरून, मले जमते." बाईसाहेब बोलल्या की तुम्ही उजवी फिरवा, डावी माझी. मग दोघे दोन बाजूंनी उतरले, राजेश्री कण्हत आणि बाईसाहेब निऱ्या धरून, आणि दोन्ही बाण एकाच वेळी लॉकवर आले.

येणेप्रमाणे मौजे उंबरखोरीची मोहीम एका दिवसात जाता येता दोन वेळा फत्ते जाहली. शत्रू चिखल, तो नामोहरम. जखमी एक, कंबर, औषध चालू. सिंधूताई बाईसाहेब पुढील आसनी बसून, पाय चिखलाचे तैसेच ठेवून, गाणे म्हणत धामणगावी परत आल्या. राजेश्रींस शब्द येत नव्हते तरी मागून म्हणत होते. लिहिले बरहुकूम, प्रेमानंद, सोमवार, तिसरा प्रहर.